ओआरएसची एक लिटरची पुडी: नाव सोडा, मागची बाजू वाचा

ठाण्याच्या चरईतल्या आमच्या घरी औषधांच्या डब्यात ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेच्या, चार पुड्या कायम असतात. 2025 च्या पावसाळ्यात नेमक्या त्या संपल्या होत्या. जुलैत सोसायटीच्या टाकीचं पाणी दोन दिवस गढूळ आलं आणि तिसऱ्या दिवशी अडीच वर्षांच्या नातवाला जुलाब लागले. सकाळी अकरापर्यंत सात वेळा. सून ठाणे स्टेशनवरून परत फिरली. मी छत्री घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि म्हटलं, “ओआरएस द्या.” त्यांनी संत्र्याचं चित्र असलेला टेट्रापॅक पुढे केला. त्यावर ठळक अक्षरांत ओआरएस लिहिलेलं होतं. मी दोन घेतले.

नातवाने ते आवडीने प्यायले. संध्याकाळी मात्र जुलाब नुसते पाण्यासारखे होऊ लागले, डोळे खोल गेले, दुपारपासून शू नव्हती. अंगातलं पाणी किती कमी झालंय ते पाहायला डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, काय पाजताय? खोकं दाखवा.” मी 32 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. खोक्याची मागची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. 100 मिलिलीटरमध्ये 11 ग्रॅम साखर! खऱ्या ओआरएसमध्ये तेवढ्याच पाण्यात ग्लुकोज असतं 1.35 ग्रॅम, म्हणजे आठपट फरक. इतकं गोड पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. जुलाब त्यानेच वाढले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आजार मुळात होताच. पण त्या दुपारी त्याच्या पोटात जायला हवं होतं ते गेलं नाही, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

रात्री नऊला जांभळी नाक्याजवळच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर माझा जुना विद्यार्थी. “बाई, एक लिटरचं देऊ की ग्लासभराचं?” त्याने विचारलं आणि न सांगता पुडी उलटी करून माझ्यासमोर धरली. दुकान कसं असावं, तर असं. एक लिटरची पुडी मला 22 रुपयांना पडली. तेव्हापासून मी हीच वापरते, आणि हे लिहितेय ते तिच्याबद्दल.

पुडीच्या मागे चार नावं असतात. एक लिटर पाण्यासाठी मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. हे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. ते जुळले तर कंपनी कुठलीही असो, पुडी चांगली. जागतिक आरोग्य संघटनेचं हे 2002 पासूनचं सूत्र आहे. त्याआधीच्या पुडीत मीठ 3.5 ग्रॅम आणि ग्लुकोज 20 ग्रॅम असायचं. द्रावण जरा पातळ केल्यावर मुलांच्या उलट्या आणि जुलाब कमी होतात, सलाइन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी येते, हे चाचण्यांमधून दिसलं, म्हणून ते बदललं.

मीठ आणि साखर एकत्र का, हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं गप्प बसून ऐकायची. लहान आतड्याच्या अस्तरात एक दार असतं. त्यातून सोडियम एकटा आत जात नाही, ग्लुकोजचा हात धरून जातो. दोघं आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर टाकत सुटतं, तरी हे दार चालूच राहतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी 1960 मध्ये मांडली. 1968 मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ती रुग्णांवर सिद्ध केली. ती प्रयोगशाळा सरकारी पैशावर उभी होती.

आणि मग 1971. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. कोलकात्याच्या ज्या संशोधन केंद्रात ते काम करत होते, त्याला अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा निधी होता. त्या केंद्राच्या ग्रंथालयात बसून त्यांच्या लोकांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून पिशव्या भरल्या. छावणीत पिंपांत द्रावण कालवून ठेवलं, नातेवाइकांनी पेल्याने पाजलं. खर्च लिटरला 11 पैसे. छावणीतला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. महालनबीस 2022 मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर मिळाला. या सूत्रावर कुणाची मालकी नाही. लोकांच्या पैशाने शोधलेली वस्तू लोकांना स्वस्तात मिळते, आणि तिचंच नाव लावून रंगीत गोड पाणी विकलं गेलं, याचा मला अतिशय राग येतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध आठ वर्षं लढल्या. अखेर 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. आमच्या घरी तीन महिने उशीर झाला.

आता वापराचं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी टाकायची. दोन मिनिटांत विरघळते, तळाशी काही राहत नाही. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असला अंदाजपंचे हिशेब करू नका, पावडर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. त्या रात्री आम्ही चमच्या-चमच्याने पाजलं. पहिल्या पाच चमच्यांनंतर नातवाने उलटी केली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं थांबलो आणि आणखी सावकाश सुरू केलं. पहाटे चारला त्याने शू केली, तेव्हा सूनबाईने मला झोपेतून उठवून सांगितलं. जुलाब लगेच थांबले नाहीत, तीन दिवस चालले. पुडीचं ते कामच नाही. ती गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढते. सोबत डॉक्टरांनी झिंक दिलं होतं, रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी बंद करायचं नसतं. झिंकने अतिसार लवकर आवरतो, हे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास दिल्लीतल्या मुलांवर झाला होता, 1995 मध्ये तो प्रसिद्ध झाला.

लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या लशीच्या डोसांचंही डॉक्टरांनी विचारलं. ते महापालिकेच्या केंद्रात मोफत झाले होते. भारतात बनलेल्या रोटाव्हॅक लशीचा विषाणू 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. डॉ. एम. के. भान आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग त्यामागे वर्षानुवर्षं उभे राहिले. चाचणीतली काही बाळं आपल्या पुण्याजवळच्या वढूची होती.

पुडीत खोट नाही असं नाही. चव खारट-तुरट, मुलांना नको वाटते. संत्र्याच्या वासाची मिळते, आमच्याकडे तीच चालली. सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. माझ्या पुडीवर मराठीत एक ओळ नव्हती, आणि जिला ती सर्वांत जास्त वाचायची गरज आहे ती आई किंवा आजी रात्री दोनला मंद दिव्यात उभी असते. पुडी दातांनी फाडावी लागते, त्यात थोडी पावडर सांडते, म्हणून कात्री घ्या. आणि घरात एक लिटरचं माप नसतं ही मोठी अडचण. तांब्या, जग, वापरलेली बाटली, सगळ्यांचं माप वेगळं. लहान मूल एकटंच आजारी असेल तर 200 मिलिलीटरची छोटी पुडी घ्या, वाया जात नाही.

रक्त पडत असेल, मूल पीत नसेल, सुस्त पडून असेल, तर पुडीवर विसंबून घरी बसू नका.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा मराठी सूचनांसाठी राखून ठेवला आहे. स्टीलच्या मोठ्या बाटलीवर एक लिटरच्या खुणेला मी लाल नेलपेंटची रेघ ओढली आहे. डब्यात सध्या सहा पुड्या आहेत, आणि प्रत्येकीची मुदत झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहिली आहे, सूनबाईला दिसेल अशी.