टीपी-लिंक एलएस१००५जी: घरच्या नेटवर्कला उत्तम, पण खोक्यावरचा ‘जी’ बघूनच घ्या

पाच पोर्टांचा हा छोटा प्लॅस्टिकचा स्विच, म्हणजे राउटरकडून आलेली एक नेटची वायर अनेक उपकरणांना वाटून देणारा डबा, टू-बीएचकेसाठी डोळे झाकून घ्यावा, पण खोक्यावरचं नाव मात्र डोळे उघडे ठेवून वाचावं. एलएस१००५ आणि एलएस१००५जी हे दोन वेगळे स्विच आहेत. बिन-‘जी’चा १०० एमबीपीएसवर थांबतो, ‘जी’वाला १००० पर्यंत जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या गर्दीत नुसतं ‘फाइव्ह पोर्ट द्या’ म्हटलं तर हातात कुठला पडेल याचा भरवसा नाही. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर १० जीबीची फाइल टाकायला बिन-‘जी’च्या स्विचवर जवळजवळ पंधरा मिनिटं लागतात. ‘जी’वाल्यावर तेच काम दीड-दोन मिनिटांत होतं, अर्थात डिस्क तेवढी वेगवान हवी.

पाचातला एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या वायरीला जातो, म्हणजे हातात उरले चार. डेस्कटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि आतल्या खोलीचा वायफाय जोडला की संपले. याहून जास्त लागणार असेल तर सरळ आठ पोर्टांचा घ्या. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. सेटिंग काहीच नाही, वायर खोचली की चालू. मात्र हा पोर्टातून वीज देत नाही, त्यामुळे एकाच वायरीवर वीज आणि नेट दोन्ही घेणाऱ्या कॅमेऱ्याला चालणार नाही.

स्विच कितीही चांगला असो, काम बिघडतं ते वायरीत. कॅट-६ (गिगाबिटला चालणारी नेटवर्कची वायर) मागितली की बऱ्याचदा सीसीए दाखवतात, म्हणजे आत अल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार ब्लेडने हलकी खरवडून बघा: आत चांदीसारखी पांढरी चमक दिसली तर ती परत करा. अल्युमिनियमची तार क्रिम्प करताना (म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) किंवा कोपऱ्यात वळवताना तुटते आणि वरून काही कळत नाही. हॉलपासून आतल्या बेडरूमपर्यंत दाराच्या चौकटीवरून पट्टीने वायर नेली तर १५ मीटर सहज लागते, तेव्हा २० घ्या. विजेच्या वायरीच्याच पाइपात ती घालू नका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप खाली आणि वायर घालायचं तोंड स्वतःकडे धरून डावीकडून मोजा. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दबलं पाहिजे, नाहीतर चार वेळा ओढाताण झाली की तारा सुटतात.

जोडून झाल्यावर नुसता दिवा लागला म्हणून खूश होऊ नका. विंडोजमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघा. तिथे १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं तर बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसलेली नसते, कारण १०० एमबीपीएस नारिंगी आणि हिरव्या या दोनच जोड्यांवर चालतं, गिगाबिटला आठही तारा लागतात. टोक कापून पुन्हा क्रिम्प करा. तरीही तेच दिसलं तर फायबरच्या डब्याचा पोर्ट बदलून बघा. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा असतो.

आरसीसीच्या भिंतीपलीकडे ५ गीगाहर्ट्झ वायफाय झपाट्याने पडतं. म्हणून आतल्या खोलीत नवीन रिपीटर घेण्यापेक्षा घरात पडलेला जुना राउटर या स्विचला जोडणं केव्हाही चांगलं. रिपीटर हवेतूनच घेतो आणि हवेतूनच देतो, त्यात वेग बराच घटतो. मुख्य राउटरचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि स्विचकडून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घेणाऱ्या) न खोचता लॅनमध्ये (घरातल्या उपकरणांच्या पोर्टात) खोचा. वॅनमध्ये गेली तर आत वेगळंच नेटवर्क तयार होतं आणि हॉलमधल्या लॅपटॉपला बेडरूममधला प्रिंटर दिसेनासा होतो. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा.

सोसायटीत २.४ गीगाहर्ट्झ वायफायवर शेजाऱ्यांची नावं ढिगाने दिसतात. तिथे दोन राउटरना १, ६ आणि ११ यांतलेच दोन वेगवेगळे चॅनेल द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. स्विचचा आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर दिसायला सारखे वाटले तरी व्होल्ट वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हींवर मार्करने नाव लिहून ठेवा.