जुना कॉम्प्युटर आणि घरचं रेकॉर्डिंग: पैसे आधी कुठे घालावेत?

घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे, गाणं घरीच रेकॉर्ड करायचं मनात आहे आणि त्यासाठी पंधरा हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. एवढ्या पैशात तीन वाटा निघतात. आहे त्याच मशीनमध्ये एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) आणि रॅम घालायची, किंवा ते बाजूला ठेवून कंपन्यांच्या ऑफिसांतून आलेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला डेस्कटॉप घ्यायचा, किंवा मशीनला हात न लावता सगळा पैसा माइक आणि ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) घालायचा. दुकानात विचारायला गेलं की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं. ते तुम्ही काय गाता, काय वाजवता इथून सुरू व्हायला हवं, कारण निवड तिथेच ठरते.

नाशिकमधलीच दोन घरं डोळ्यांसमोर आणा. पंचवटीत एक भजनी मंडळ आहे. गायक, पेटी, पखवाज, टाळ असा संच. त्यांना आपले अभंग नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आहेत. सिडकोत कॉलेजातला एक मुलगा आहे. त्याच्याकडे मिडी कीबोर्ड आहे (स्वतः आवाज न काढता कुठली पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला सांगणारा) आणि ड्रम, बेस, व्हायोलिनचा ताफा हे सगळं त्याला कॉम्प्युटरमधूनच वाजवायचं आहे. दोघांकडे अगदी सारखाच, चौथ्या पिढीचा कोअर आय३ आणि ४ जीबी रॅम असलेला डेस्कटॉप असला, तरी दोघांना मी वेगळं सांगेन.

आवाजाचा उशीर

कॉम्प्युटर आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत घेतो. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं (सॅम्पल) घेत रेकॉर्डिंग करताना १२८ सॅम्पलचा बफर २.७ मिलिसेकंदांचा होतो, २५६चा ५.३ आणि १०२४चा २१.३ मिलिसेकंदांचा. माइकमधून गेलेला आवाज हेडफोनमध्ये परत येईपर्यंत हा वेळ दोनदा लागतो, आत येताना आणि बाहेर जाताना. त्यात इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ मिळवला की १०२४च्या बफरवर एकूण उशीर ४५ मिलिसेकंदांच्या घरात जातो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा झाला. तेवढा कानाला खपतो. ४५ मिलिसेकंद म्हणजे साथीदार पंधरा मीटरवर जाऊन बसला. अशा अंतरावरून कुणाला ठेका सांभाळता येईल?

मग बफर लहानच का ठेवू नये? कारण बफर जितका लहान, तितका प्रोसेसरला प्रत्येक तुकड्यासाठी कमी वेळ मिळतो. जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये चटचट आवाज येतात किंवा स्वर मध्येच तुटतो. जुन्या मशीनची खरी अडचण हीच.

भजनी मंडळाची मात्र या अडचणीतून जवळपास फुकटात सुटका होते. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो. गायकाला स्वतःचा आवाज तत्क्षणी ऐकू येतो, मग बफर १०२४ असो की २०४८. रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागच्या ट्रॅकशी जुळवून ठेवायचं काम सॉफ्टवेअर करतं. म्हणजे खरा आवाज आणि खरी वाद्यं रेकॉर्ड करणाऱ्याचा जुना कॉम्प्युटर संथ असला तरी गाणं अडत नाही.

सिडकोतल्या मुलाला हे बटण उपयोगाचं नाही. त्याचा स्वर कॉम्प्युटरमध्येच तयार होतो, त्यामुळे पट्टी दाबल्यापासून स्वर ऐकू येईपर्यंतचा उशीर पूर्णपणे मशीनवर अवलंबून असतो. गिटार थेट जोडून सॉफ्टवेअरमधल्या अँप्लिफायरचा आवाज ऐकत वाजवणाऱ्याचंही तेच. प्रोसेसरवर पैसे घालायची गरज या दोघांना आहे.

एसएसडी की रॅम?

रेकॉर्डिंगला वेगवान डिस्क लागते असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब करून पाहा. २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई), ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते. सहा मिनिटांचा अभंग चार माइकवर घेतला तर फाइल दोनशे एमबीच्या थोडी वर जाते. आठ ट्रॅक एकाच वेळी घेतले तरी सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी लिहायचं असतं. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहू शकते. म्हणजे रेकॉर्डिंगपुरती ती पुरून उरते.

तरीही एसएसडी आधी घ्या असंच मी म्हणेन, पण कारणं वेगळी आहेत. विंडोज १० पाठीमागे सतत काहीतरी वाचत-लिहीत असतं आणि हार्ड डिस्कवर त्या खटाटोपात सगळं मशीन अडखळतं. एसएसडी घातली की तोच कॉम्प्युटर वापरण्याजोगा होतो. शिवाय फिरत्या डिस्कची घरघर कंडेन्सर माइक (बारीक आवाजही पकडणारा नाजूक प्रकार) नेमकी टिपतो आणि एसएसडी पूर्ण नि:शब्द असते. २४०-२५६ जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीला लागणारी) एसएसडी साधारण दोन ते तीन हजारांत बसते. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. ती बॅकअपसाठी ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तिची केबल काढा.

रॅमचं गणित सोपं आहे. ४ जीबी असेल तर ८ करा. आवाज आणि वाद्यं रेकॉर्ड करणाऱ्याला त्यापुढे फरक जाणवणार नाही. खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर चालणारी मोठी सॉफ्टवेअर वाद्यं मात्र रॅममध्ये भरली जातात, तिथे १६ जीबीही भरून जाते. २०२५च्या अखेरीपासून नव्या मेमरीचे भाव बरेच चढले आहेत. जुन्या मशीनला लागणारी डीडीआर३ सेकंडहँड मिळते, ती हजार-दीड हजारात निभते. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, हे विसरू नका. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, आधी ६४ बिट टाकून घ्या.

मशीन कोअर टू ड्युओ आणि डीडीआर२च्या काळातलं असेल, तर त्यावर एक रुपयाही घालू नये. तिथे प्रश्न मिटला. ग्राफिक्स कार्डाचा तर या कामात संबंधच नाही.

जुनंच मशीन की रिफर्बिश्ड?

ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर अशा ऑफिसच्या डेस्कटॉपांत आठव्या पिढीचा आय५ मिळाला तर सिडकोतल्या मुलाने तोच घ्यावा. आय५-८५००मध्ये सहा कोअर आहेत आणि चौथ्या पिढीच्या आय३मध्ये दोन. आठव्या पिढीपासून विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, हा दुसरा फायदा. तोटा असा की या छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) खास मापाचा असतो. तो बिघडला तर साध्या दुकानातला बसत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव कमी मिळेल म्हणून पंचवटी एक्सप्रेस पकडावी असं वाटतं खरं. पण मशीन परत न्यायची वेळ आली तर पुन्हा पूर्ण दिवस जातो. सुट्या एसएसडी-रॅमसाठी मुंबई ठीक आहे, पूर्ण कॉम्प्युटर मात्र नाशिकमधूनच, लेखी वॉरंटीसह घ्यावा.

विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. म्हणून जुनं मशीन बाद होत नाही. फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवा, इंटरनेट तोडा, फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा. वाय-फाय बंद केल्याने आणखी एक लाभ होतो. चटचट आवाजामागे पुष्कळदा वाय-फायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) निघतो. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते कळतं. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, पंख्यांतली धूळ काढा, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. एवढ्यावर कित्येक मशीनची तक्रार मिटते आणि खर्च जवळपास शून्य.

लिनक्स शिकायची तयारी असेल तर उबुंटू स्टुडिओ (संगीतासाठीचं लिनक्स) आणि आर्डोर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ही जोडी जुन्या मशीनवर चांगली चालते. रीपर हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरही लिनक्सवर चालतं. विंडोजवर सुरुवात करणाऱ्यालाही मी रीपरच सुचवेन. साठ दिवस वापरून पाहता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे आणि जुन्या प्रोसेसरवर ते हलकं जातं.

इंटरफेस, यूएसबी माइक की मदरबोर्डवरचं भोक?

मदरबोर्डवरच्या गुलाबी जॅकला माइक लावून गाणं रेकॉर्ड करू नका. तिथे खरखर येते आणि कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट मिळत नाहीत. एकट्याने गाणाऱ्याला, ज्यावर हेडफोनचा जॅक आहे असा यूएसबी माइक पुरतो. पण दोन यूएसबी माइक एकाच कॉम्प्युटरवर एकत्र चालवणं विंडोजमध्ये डोकेदुखी आहे. भजनी मंडळाला उद्या दुसरा माइक लागणारच, म्हणून त्यांनी इंटरफेसच घ्यावा.

इंटरफेसमध्ये दोन पायऱ्या दिसतात. बेहरिंजरचा यूएमसी२२ स्वस्त आहे, पण १६ बिटचा आहे आणि त्यात माइकचं एकच प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आहे. यूएमसी२०२एचडी २४ बिटचा आहे आणि त्यात दोन माइक लागतात. फोकसराइटच्या सोलोत माइक एक, २आय२मध्ये दोन. २४ बिटचा फायदा आपल्या संगीतात विशेष आहे. गायक मंद्रात हळू गातो आणि तारसप्तकात एकदम खुलतो. त्या वेळी आवाज फाटू नये म्हणून लेव्हल खालीच ठेवावी लागते. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी हळू गायलेला भाग खरखरीत बुडत नाही. म्हणून पैसे वाचवायचे तर प्रोसेसरमध्ये वाचवावेत, इथे नाही.

फायरवायर या जुन्या जोडणीचा सेकंडहँड इंटरफेस कितीही स्वस्त मिळाला तरी नको. सेकंडहँड यूएसबी चालेल, फक्त कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजमध्ये आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) तुमच्या विंडोजसाठी मिळतो का ते पैसे देण्याआधी पाहा. एएसआयओ४ऑल या फुकट ड्रायव्हरने काम भागतं, पण जुन्या मशीनवर मूळ ड्रायव्हर बरा.

नाशिक ढोल रेकॉर्ड करायचा असेल तर कॉम्प्युटरचा विचारच सोडा. एवढ्या दणक्यात नाजूक कंडेन्सर माइक जवळ धरला की आवाज फाटतो. एक दणकट डायनॅमिक माइक, थोडं अंतर आणि मोकळी जागा लागते.

घर आणि वीज

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात जाड भिंतींचा आडोसा मिळतो. इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमध्ये रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज घुमवतात. उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट आणि गायकाच्या पाठीमागे टांगलेली जाड गोधडी यांचा परिणाम रेकॉर्डिंगमध्ये चटकन ऐकू येतो. कॅबिनेटचा पंखा मोठा आवाज करत असेल तर कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत ठेवा आणि इंटरफेस त्याच्याजवळ. यूएसबीची केबल पाच मीटरपुढे भरवशाची नाही, पण माइकची एक्सएलआर केबल पंधरा-वीस मीटर बिनधास्त नेता येते.

हेडफोनमध्ये ‘घूं’ येत असेल तर आधी प्लगची तिसरी पिन आणि घराचं अर्थिंग तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा, पुष्कळदा आवाज तिथेच जातो. म्हणून जुन्या लॅपटॉपची मेलेली बॅटरी बदलणं हाही ध्वनिमुद्रणाचाच खर्च समजा. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका.

मग पंधरा हजार कसे वाटायचे?

भजनी मंडळाने एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर चार हजार घालावेत. उरलेल्या अकरा हजारांत २४ बिटचा, दोन माइकचा इंटरफेस येतो आणि माइकसाठी फारसं उरत नाही. मी तरीही इंटरफेस तोच घेईन आणि पहिले काही महिने मंडळाकडे कार्यक्रमांसाठी असलेल्या डायनॅमिक माइकवर काम चालवेन. कंडेन्सर नंतर घेता येतो. मंडळाला आयुष्यात एकदाच पाच-सहा अभंग करून ठेवायचे असतील, तर यातलं काहीच घेऊ नये. एक दिवस स्टुडिओ भाड्याने घ्यावा, सगळ्यांनी एकत्र बसून गावं.

सिडकोतल्या मुलाने जवळजवळ सगळे पैसे रिफर्बिश्ड मशीनवर घालावेत. इंटरफेस त्याला आत्ता लागत नाही. मिडी कीबोर्ड थेट यूएसबीला लागतो आणि एएसआयओ४ऑलवर साध्या हेडफोन जॅकमधून त्याचं काम सुरू होतं. गाणारा मित्र मिळाला की तेव्हा इंटरफेस घ्यावा. जुनं मशीन तोवर विकू नये, त्याची डिस्क आणि स्क्रीन नव्याला उपयोगी पडते.