लिनक्सचा ६.१२ एलटीएस कर्नल, सहा महिने वापरून झाल्यावर

डेबियन १३ ह्या लिनक्स सिस्टीमसोबत येतो तो हा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, नोव्हेंबर २०२४ चा, एलटीएस म्हणजे लांब काळ अपडेट मिळणारा, आणि सहा महिने ऑफिसचं सगळं काम ह्याच्यावरच चालू आहे म्हणून लिहितोय. स्पीडबद्दल भरपूर लोक लिहितात, मला आवडली ती कर्नल बनवणाऱ्यांची चाळणी, म्हणजे ड्रायव्हरचा (एकेक हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा) कुठला फिक्स आत घ्यायचा आणि कुठल्याला थांब म्हणायचं ते.

माझा त्रास असा की लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडलं की टचपॅड मेलेला. कर्सर स्क्रीनच्या मधोमध ठप्प, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) टाइमआउटच्या ओळींवर ओळी, आणि मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी सरळ हात वर केले. शोधलं तर त्या ड्रायव्हरचे दोन फिक्स आलेले होते, एक जेमतेम सहा ओळींचा, की ह्या मॉडेलवर जाग आल्यावर जरा थांबा आणि मगच टचपॅडला हाक मारा, आणि दुसरा भलामोठा, पॉवर मॅनेजमेंटच नव्याने लिहिलेलं. सहा ओळींचा आरसी४ मध्ये, म्हणजे रिलीजआधीच्या चौथ्या चाचणी आवृत्तीत गेला, मोठ्याला पुढच्या मर्ज विंडोची, म्हणजे नवीन बदल आत घ्यायच्या काळाची वाट बघायला लावली. तेव्हा मला राग आला होता, कारण मोठ्याने बॅटरीपण वाचणार होती.

आता पटतं. मर्ज विंडो दोन आठवडे, नवीन काय आणायचं ते तेव्हाच, आरसी१ निघाला की फक्त फिक्स, मग दर रविवारी एक आरसी आणि सातव्या-आठव्यानंतर रिलीज. शेवट जवळ येतो तशी चाळणी बारीक होत जाते. काल चालत होतं आणि आज मोडलं, अशा बगचा नंबर पहिला, वर्षानुवर्षं पडून असलेला बग अजून दोन महिने थांबला तर कोणाचं नवीन नुकसान होत नाही, पण घाईत घेतलेल्या मोठ्या पॅचने ज्यांचे टचपॅड नीट चालतायत त्यांचेच बंद पडू शकतात.

एलटीएसला नियम अजून कडक. फिक्स आधी लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेलेला पाहिजे, नियमाप्रमाणे १०० ओळींच्या आत पाहिजे, आणि खराखुरा त्रास मिटवणारा पाहिजे. नवीन डिव्हाइसचा आयडी किंवा क्वर्क, म्हणजे एखाद्या मॉडेलपुरती खास सोय, मात्र चालतो, म्हणून माझ्या सहा ओळी ६.१२ मध्ये आल्या आणि पुढच्या अपडेटनंतर टचपॅड जो जागा झाला तो आजतागायत.

चाळणी चुकतेसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये ६.६.५ ला वायफायचा एक फिक्स घेतला, पण तो ज्या लॉकिंगच्या (एकाच डेटाला दोन कामांनी एकदम हात लावू नये ह्या सोयीच्या) बदलांवर उभा होता ते फक्त मुख्य कर्नलमध्ये होते, एलटीएसमध्ये नव्हतेच, मग लोकांचं वायफाय अडकायला लागलं. थोड्याच दिवसांत ६.६.६ काढून तो फिक्स मागे घेतला. चूक दिसल्यावर वाद न घालता रिव्हर्ट करतात ह्याचा मला खूप आधार वाटतो. तरी एकेका अपडेटमध्ये शेकडो फिक्स आणि तपासायला साधारण दोनच दिवस, हे मला कमी वाटतं, ड्रायव्हरचे फिक्स तर ते हार्डवेअर हातात असल्याशिवाय कळतच नाहीत.

पाचपैकी साडेचार. आणि अपडेट केल्यावर जुना कर्नल लगेच काढू नका, ग्रबमध्ये (मशीन चालू होतानाच्या मेनूमध्ये) राहू द्या, आधी झाकण लावून-उघडून, वायफाय, आवाज सगळं बघून घ्या.