स्टीलची टूरिंग सायकल: श्रीनगर ते कन्याकुमारी आणि त्यानंतर

ही सायकल घेताना ज्याने त्याने एकच कारण सांगितलं होतं: स्टीलची फ्रेम आहे, तुटली तरी कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. आधी रोजचं कोथरूड-हिंजवडी, मग ताम्हिणी, वरंधा, आणि नोव्हेंबरात झेलम एक्सप्रेसने जम्मू गाठून पुढे श्रीनगर; तिथून राष्ट्रीय महामार्ग 44 ने थेट कन्याकुमारी. आता पुन्हा उन्हाळा आलाय. एवढ्या वापरानंतर सांगतो, वेल्डिंगचा मुद्दा ऐकायला बरा, बाकी त्यात काही नाही. क्रोमोलीची, म्हणजे या फ्रेमच्या मिश्र पोलादाची, नळी मधल्या भागात एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. खिडक्यांच्या ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या माणसाने तिला आर्क लावला, तर सांधा बसायच्या आधी भोक पडेल. शिवाय फ्रेम सहसा तुटतच नाही. ढिले होतात, झिजतात, हरवतात ते दहा-वीस रुपयांचे भाग, आणि लांबच्या रस्त्यावर सायकल कशी आहे ते त्यांच्यावरच ठरतं.

मग स्टील कशासाठी? सामानासाठी. मागे दोन पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या), कॅरिअरवर तंबू, पुढे हँडलची पिशवी, असा वीस किलोच्या आसपासचा बोजा घेऊन उतारावर सुटलं, की अॅल्युमिनियमच्या माझ्या जुन्या हायब्रिडचं शेपूट हलायचं. ही सरळ जाते. मागचा भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो, त्यामुळे टाच पॅनिअरला लागत नाही. कागदावर किरकोळ वाटणारी ही गोष्ट दिवसभर पॅडल मारताना फार मोठी होते.

गिअरबद्दल मात्र तक्रारीला जागाच नाही. पुढे 48-36-26 दातांच्या तीन चकत्या, मागे 11 ते 34 दातांच्या. सर्वांत हलक्या गिअरला पॅडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जेमतेम पाऊण फेरा फिरतं. चिनाबकाठच्या रामबनहून बटोतमार्गे पत्नीटॉपला चढताना (बोगद्याऐवजी मी जुना घाटरस्ता धरला, पत्नीटॉप 2,000 मीटरच्या थोडं वर आहे) हा गिअर नसता तर सायकल ढकलतच न्यावी लागली असती. वेग चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त, पण गुडघे शाबूत. हल्ली टूरिंगच्या नावाखाली पुढे दोनच चकत्या देतात. सामान लादून घाट चढणार असाल तर तिकडे वळू नका. पंजाब, हरयाणा, दिल्ली याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सपाट रस्ता, धुरकट हवा, ट्रक.

या सायकलचा खरा कस लागला तो सिवनी ते नागपूर. सुमारे सव्वाशे किलोमीटर, नकाशावर बघितलं तर एकूण उतारच. सिवनी पठारावर, 600 मीटरच्या आसपास, नागपूर 300. पहाटे निघालो तेव्हा बोटं इतकी गारठली होती की गिअर तळहाताने ढकलत होतो. हँडलच्या टोकाला बसवलेले हे शिफ्टर असे ढकलता येतात. ब्रेकच्या दांडीतच बसवलेले, बोटांनी चालवायचे शिफ्टर असते तर ऊन येईपर्यंत एकाच गिअरवर गेलो असतो.

पुढे कुरईचा घाट आणि पेंचचं जंगल. इथे रस्ता लांबच लांब उचललेला आहे, खालून वाघ, चितळ, गवे जावेत म्हणून. मध्य प्रदेशच्या बाजूला कडेने उंच पत्र्याच्या भिंतीही आहेत, गाड्यांचा उजेड आणि आवाज जंगलात जाऊ नये यासाठी. जनावरांची सोय उत्तम. सायकलवाल्याला मात्र ट्रकचा आवाज त्या भिंतींवर आपटून दोनदा ऐकू येतो. उतारावर केबलवाल्या डिस्क ब्रेकने एवढं वजन नीट आवरलं, फक्त दर काही दिवसांनी पॅड झिजतील तशी केबल ओढून घ्यावी लागते. कडेचे रम्बलर, म्हणजे रस्त्यावरचे खडबडीत पट्टे, हा वेगळाच छळ. कॅरिअरचा एक बोल्ट मी तिथेच कुठेतरी सांडला. पाच मिलीमीटरचा साधा बोल्ट, सोबत जादा होते म्हणून निभावलं. बोल्ट बसवताना निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. दुकानदार लावत नाहीत.

खवासा ओलांडल्यावर पाट्या मराठी झाल्या आणि मागचं चाक बसलं. हायवेवर काच किंवा खिळ्यापेक्षा जास्त पंक्चर होतात ते ट्रकच्या फाटक्या टायरमधून निघालेल्या बारीक तारांनी. केसासारखी तार, डोळ्याला दिसत नाही. तशीच राहिली तर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत जाते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे धागे अडकतील तिथे तार. चिमटा सोबत हवाच. जाड पट्ट्याच्या टायरला (मी नंतर श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस टाकले, आत 5 मिलीमीटर रबराचा थर असतो) हा त्रास जवळपास नाही, पण ते जड आहेत आणि चढावर कळतं.

देवलापारच्या ढाब्यावर हात धुवायला थांबलो. मालक सायकलभोवती एक फेरी मारून आला.

"कुठून येऊन राह्यले भाऊ?"

"श्रीनगरहून."

"अन् जाता कुठं?"

"कन्याकुमारी."

त्याने थोडा विचार केला. "पेट्रोल लय महाग झालं ना."

ट्यूबमध्ये हवा त्याच्याच शेजारच्या पंक्चरवाल्याने भरून दिली, तीही दोन मिनिटांत, कारण ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलचा आहे. कंपनीने दिलेला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह मी पुण्यातच काढून टाकला होता. रिमचं भोक ड्रिलने किंचित मोठं करावं लागलं. या सायकलवर केलेल्या सगळ्या खर्चात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. हातपंपाने रुंद टायरमध्ये पुरेशी हवा भरताना खांदे भरून येतात. मनसर, कन्हान, कामठी करत नागपुरात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे मनगटाला कळत होते, पण पाठीला नाही. ते श्रेय स्टीलपेक्षा रुंद टायरला जास्त द्यायला हवं.

चामड्याच्या सीटबद्दल बरेच जण विचारतात. पहिले काही आठवडे शिव्या घालाल, नंतर दुसऱ्या कशावर बसवणार नाही. मात्र कोकणात किंवा पावसाळी घाटात वापरणार असाल तर घेऊ नका. भिजलेल्या चामड्यावर तासन्‌तास बसलं की ते कायमचं खोलगट होतं, आणि प्लॅस्टिकची पिशवी बांधून सायकल किती दिवस चालवणार? जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी माझी काढून साधी लावणार आहे.

परतल्यावर चेन झिजून किती लांबली ते मोजलं तर पाऊण टक्क्याच्या खुणेला टेकली होती, बदलली. मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच झिजला होता, त्यांची अदलाबदल केली. चाकाला 36 तारा आहेत, एकही तुटली नाही. सायकलचं वजन रिकामी असताना पंधरा किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुकानातच एकदा खांद्यावर घेऊन जिना चढून बघा, दुकानदार हसला तरी.