चोर्ल्याजवळच्या ‘ट्राउट लेक’चं पॅकेज: पैसे कसे काढून घेतात

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जाहिरात फिरू लागते. डोंगरातला तलाव, काठावर तंबू, कुणाच्या तरी हातात फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे पिसा-दोऱ्याचा नकली किडा, तो गळाला लावून मासे धरायची काठी) आणि पाण्याबाहेर काढलेला ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट. ‘चोर्ला घाटाजवळ, दोन दिवस-एक रात्र, जेवण आणि फिशिंगचं सामान धरून माणशी ४,५००.’ आमच्या मित्रमंडळाचे पैसे यातच गेले. एकदम गेले नाहीत, तीन वेळा मागून घेतले, आणि दर वेळचं कारण पटण्यासारखं होतं. इतरांचे जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहोत.

पहिलं खोटं फोटोतच आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांच्या वर चढलं की त्याचा जीव कासावीस होतो. भारतात तो काश्मीरमध्ये, हिमाचलच्या तीर्थनसारख्या नद्यांत आणि दक्षिणेत निलगिरी-मुन्नारच्या उंच पठारांवर सापडतो. तिथेही तो मूळचा नाही, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, चोर्ला-कणकुंबीचा माथाही त्याच्याच आसपास. एप्रिल-मे महिन्यांत इथलं साठलेलं पाणी कोमट होतं, त्यात ट्राउट जगत नाही. शिवाय फोटोत दिसतात तसे बर्फाच्या पाण्याचे तलाव आपल्याकडे नाहीतच. आपल्याकडे आहेत ती धरणं आणि तळी: बेळगावला पिण्याचं पाणी देणारं राकसकोप, घटप्रभेवरचं हिडकल, सीमेपलीकडे तिलारी.

म्हणून फ्लाय फिशिंग इथे होतच नाही असं नाही. तिलापिया आणि कार्प फ्लायला येतात, मरळ तर वरून ओढलेल्या बेडकासारख्या पॉपरवर (पाण्यावर तरंगणाऱ्या नकली आमिषावर) तुटून पडते. जाणकार माणूस या माशांची नावं घेईल. चोर्ल्यात ट्राउट मिळेल म्हणणाऱ्याला मासा कळत नाही किंवा तो खोटं बोलतो. दोन्ही बाबतींत त्याला पैसे देऊ नयेत.

पहिली मागणी बुकिंगची, म्हणजे निम्मी रक्कम. दुसरी चार दिवसांनी: ‘फॉरेस्ट परमिट आणि अँगलिंग लायसन्स’, माणशी ६००. तिसरी निघायच्या दोन दिवस आधी, दर रॉडमागे ३,००० डिपॉझिट, ‘परत मिळणार’ या बोलीवर. मग आदल्या रात्री निरोप येतो की वनखात्यानं रस्ता बंद केलाय, जागा बदलली. बदललेली जागा म्हणजे कुणाच्या तरी उसाच्या फडाशेजारचं शेततळं आणि त्याच्या काठावर बाजारातले एकपदरी तंबू. डिपॉझिट मागायला लागलं की फोन बंद.

परमिटच्या कागदाकडे नीट बघावं. पीडीएफवर वर कर्नाटक वनखात्याचं नाव आणि खाली ठिकाण तिलारी, असा कागद आम्हाला पाठवला होता. तिलारी महाराष्ट्रात आहे. तिथली परवानगी कर्नाटकचं खातं देऊच शकत नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तीन राज्यं जिथे मिळतात तिथला हा धंदा आहे आणि हद्दीचा घोळ मुद्दाम घातला जातो. जमीन आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी, दोघांचे मालकही वेगळे. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे शिरायचं तर वनखात्याचीच परवानगी आणि त्यांचीच पावती लागते, कुणा एजंटाची चिठ्ठी चालत नाही. धरणातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यखात्याकडून ठेक्यानं किंवा परवान्यानं दिला जातो. तेव्हा विचारायचं ते एवढंच: पाणी कुणाच्या ठेक्यात आहे, त्या ठेकेदाराशी बोलणं करून द्याल का? जागा खासगी आहे म्हणाला तर सर्व्हे नंबर मागावा. कर्नाटकातला पहाणी-उतारा ‘भूमी’च्या वेबसाइटवर दिसतो, महाराष्ट्रातला सातबारा ‘महाभूलेख’वर. ज्याची जमीन खरोखर ठरलेली आहे तो नंबर द्यायला कचरत नाही.

सामानातली लबाडी मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. फ्लाय फिशिंगमध्ये फ्लायला वजनच नसतं; लांब जाते ती दोरीच्या वजनावर. म्हणून रॉडवर आकडा लिहिलेला असतो आणि दोरीचा आकडा त्याच्याशी जुळावा लागतो. नऊ फुटी, चार तुकड्यांच्या ५ नंबर रॉडला ५ नंबरचीच दोरी, खोक्यावर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ असं छापलेली: पुढचा भाग जड, नंबर पाच, तरंगणारी. मरळीसाठी ७ किंवा ८ नंबर बरा. डिपॉझिट घेऊन देतात ते टेलिस्कोपिक रॉड, स्पिनिंगचं रीळ आणि साधा नायलॉन. त्यानं फ्लाय पाच फूटही पुढे जात नाही; मग ‘तुम्हाला टाकायला जमत नाही’ म्हणून मोकळे होतात आणि शिकवणीचे वेगळे पैसे मागतात. दोरी खरी आहे का, हे सोनाराच्या काट्यावर कळतं. ५ नंबरच्या दोरीचे पुढचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, ८ नंबरचे साधारण साडेतेरा. सगळीकडे एकाच जाडीची, सहा-सात ग्रॅम भरणारी दोरी या कामाची नाही. रीळवर दोरीच्या मागे निदान ५० मीटर बॅकिंग (मासा लांब पळाला तर सोडायची जादा बारीक दोरी) हवं, पुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर (दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा धागा). लीडरच्या जागी सरळ नायलॉनचा तुकडा बांधलेला असेल तर दोरी पुढे उलगडत नाही, फ्लाय गोळा होऊन पडते.

फोनवर आणखी एक प्रश्न पुरतो: काठावर मागे किती मोकळी जागा आहे? दोरी पुढे फेकण्याआधी मागे पूर्ण उलगडावी लागते, त्याला दहा-पंधरा मीटर लागतात. जाहिरातीतल्या काठाला झाडी अगदी पाण्यापर्यंत टेकलेली होती. तिथे रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उलगडता पुढे टाकणं, करावा लागतो, आणि खरा गाइड ते न विचारता सांगतो.

पैसे पाठवताना अॅपवर येणारं नाव वाचावं. जाहिरात एका कंपनीची आणि खातं भलत्याच माणसाचं असेल तर तिथेच थांबावं. जीएसटी नंबर दिला असेल तर पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की नोंदलेलं नाव दिसतं. ‘डिपॉझिट परत घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा’ असा मेसेज आला तर स्कॅन करूच नये. पैसे येताना पिन लागत नाही, पिन टाकला की ते जातात.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे निघण्याआधी कळवलं तरच ती अडवता येते. जवळ हवं ते असं: यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी, आणि चॅट एक्स्पोर्ट केलेली फाइल. चिडून लगेच ब्लॉक करू नये, समोरचा मेसेज पुसून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घ्यावेत. पोलीस ठाण्यात ‘घटना गोव्यात घडली, तिकडे जा’ असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. गटातल्या प्रत्येकानं आपापल्या खात्यातून पैसे पाठवले असतील तर प्रत्येकाचा व्यवहार क्रमांक तक्रारीत स्वतंत्र लिहावा.