लसेबर घ्यावी की बॉनव्हिल? सांगाडा एकच, भांडण पुढच्या सीटचं

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, की आई-बाबा भारतातून इकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी येतायत, एक जुनी मोठी स्वस्तातली गाडी घ्यायची आहे, ब्युइक लसेबर बघू की पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल. यंदा तिघांना तेच तेच टाइप करून झालं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी स्वतः महिनाभर या दोघींच्या मधे लोंबकळत होतो आणि शेवटी एक घेतली, ती आजही दारात उभी आहे, तेव्हा मी अगदी तटस्थ वगैरे आहे असं समजू नका.

पहिली गोष्ट म्हणजे या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. जनरल मोटर्सचा, म्हणजे जीएमचा, एच-बॉडी नावाचा सांगाडा, त्यावर जीएमच्याच ब्रँडांपैकी ब्युइकने लसेबर केली, ओल्ड्समोबिलने एटी-एट केली आणि १९८७ पासून पाँटिअ‍ॅकने बॉनव्हिल. त्याआधी याच नावांच्या गाड्या म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी, वेगळ्या चॅसीवर बसवलेली लांबलचक होडकी होती. पण १९७५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या कार्सची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर न्यायची असं ठरलं, मग वजन उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी १९८५ ला कॅडिलॅक वगैरे मंडळींची सी-बॉडी आली, पाठोपाठ १९८६ ला एच. इंजिन आडवं बसवलं, ओढ पुढच्या चाकांना दिली, बाहेरून गाडी चांगलीच आखडली पण आतली जागा फारशी गेली नाही, कारण मधोमध मागे जाणारा तो जाडजूड शाफ्टच गेला आणि पायाखालची जमीन जवळपास सपाट झाली. ही सपाट जमीन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता एका सांगाड्यावर इतक्या जणी म्हटल्यावर सगळ्या एकसारख्या दिसायला लागल्या. १९८५ च्या सुमारास लिंकनने, म्हणजे प्रतिस्पर्धी फोर्डच्या महागड्या ब्रँडने, तर त्यावर टीव्हीवर जाहिरातच केली होती, पार्किंगवाला पोऱ्या गाड्या आणून देतोय आणि श्रीमंत मंडळींना आपली कॅडिलॅक कुठली आणि शेजाऱ्याची ब्युइक कुठली तेच कळत नाहीये. ही टीका जीएमला झोंबली असणार, कारण १९९२ च्या नव्या मॉडेलमधे लसेबर आणि बॉनव्हिल यांची तोंडं अगदी वेगळी केलेली दिसतात. २००० ला पुन्हा नवीन, यावेळी खालचं स्ट्रक्चर ओल्ड्समोबिलच्या ऑरोरा गाडीकडून आलेलं, जास्त कडक, पण कागदोपत्री नाव एचच राहिलं. एटी-एट १९९९ लाच बंद झाली. मिशिगनमधल्या फ्लिंटचा ब्युइक सिटी कारखानाही त्याच वर्षी जूनमधे थांबला, आणि तिथून बाहेर पडलेली शेवटची गाडी लसेबरच होती. उरलेल्या दोघी २००५ ला गेल्या. म्हणजे आज बाजारात ज्या बघण्यालायक मिळतात त्या २००० ते २००५ च्याच, मी त्यांच्याबद्दलच बोलतोय.

इंजिनवरून भांडू नका, ३८०० नावाचं व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, दोघींकडे आहे. या इंजिनाची गंमत सांगायचा मोह आवरत नाही. ब्युइकने १९६२ ला व्ही-सिक्स काढलं, मग कंटाळून १९६७ ला त्याची सगळी यंत्रसामग्री कायझर-जीपला विकून टाकली, पुढे ती एएमसी या दुसऱ्या कार कंपनीकडे गेली, आणि तेलाचा भडका उडाल्यावर १९७४ ला जीएमने तीच परत विकत घेतली. बोहारणीला दिलेलं लुगडं सात वर्षांनी घरात लग्न निघालं म्हणून तिच्याचकडून परत आणावं तसं. ३८०० हे त्याच इंजिनाचं सुधारलेलं रूप. साधं २०५ हॉर्सपॉवर, आणि २००३ पर्यंतच्या बॉनव्हिल एसएसईआय या वरच्या मॉडेलमधे सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, लावून २४०.

चालवायला बॉनव्हिल जास्त मजा देते, हे मी लसेबरचा मालक असून कबूल करतो. एसएसईआय मी एका रविवारी आय-९४ हायवेवर चालवून बघितली, रॅम्पवरून आत घुसताना ती जी सुटते ना, चाळिशीतला माणूस परत कॉलेजात जातो. डॅशबोर्डवर विमानासारखे गोल गोल डायल, रात्री सगळं लालभडक. सीट दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी. लसेबर त्यामानाने म्हणजे दिवाणखाना. स्टिअरिंग हलकं, खड्ड्यावरून जाताना एकदा मान डोलावते आणि पुढे जाते, कोपऱ्यावर थोडी कलते. मला वाटतं रोजच्या मिशिगनच्या रस्त्यांना हा डोलण्याचा स्वभावच बरा, पण ज्याची त्याची पाठ.

गॅसचं, म्हणजे पेट्रोलचं, म्हणाल तर माझी लसेबर शिकागोला जाऊन-येऊन गॅलनला अठ्ठावीस-एकोणतीस देते, साध्या गॅसवर. सुपरचार्जरवाली महागडं प्रीमियम मागते. महिन्याला दोनदा टाकी भरणाऱ्याला याने फार फरक पडू नये, रोज चाळीस मैल जाणाऱ्याला पडेल.

एक गोष्ट मात्र बॉनव्हिलच्या बाजूने जाते. साध्या ३८०० वर वरचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, प्लास्टिकचं आहे आणि ईजीआरचा, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात आणणारा, गरम पाइप त्याच्या कुशीतून जातो, वर्षानुवर्षं भाजून ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत उतरायला लागतं. सुपरचार्जरवाल्या इंजिनात ते प्लास्टिकच नाही, तिथे सुपरचार्जर बसतो, म्हणजे तेवढी कटकट वाचली. पण घाबरून जाऊ नका, विकणाऱ्याला विचारा मॅनिफोल्ड बदललंय का, बिल बघा, नसेल बदललं तर तेवढे पैसे घासाघीस करून कमी करा. कूलंटचे ते छोटे प्लास्टिकचे एल्बो, म्हणजे वाकडे जोड, दोघींकडे असतात, ते लगे हात बदलून घ्या, फार महाग पडत नाहीत. आणि २००४-०५ ची बॉनव्हिल जीएक्सपी, नॉर्थस्टार नावाचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, २७५ हॉर्सपॉवर, ती दिसली तर फोटो काढा आणि घरी या. आई-बाबांना देवळात न्यायला ती नको.

आता मूळ मुद्दा. आधीच्या वर्षी आमच्याकडे पाच सीटवाली गाडी होती आणि माणसं सहा, मी, बायको, दोन पोरं, आई, बाबा. म्हणजे कुठेही जायचं तर दोन गाड्या. देवळात दोन गाड्या, मंडळाच्या गणपतीला दोन गाड्या, एअरपोर्टला तर दोन लागतातच सामानामुळे, पण नुसतं आइस्क्रीम खायला जायचं तरी दोन. आईला कोणत्या गाडीत बसायचं यावर पोरांची भांडणं, आणि रस्ताभर फोन, कुठे पोचलात, आम्ही एक्झिट चुकलो, तुम्ही थांबा. सहा महिने. बाबा एकदा म्हणाले, "अरे, आम्ही नातवंडांबरोबर फिरायला आलोय का ताफ्यात?" मिनिव्हॅन घ्या म्हणाल, पण आई-बाबा परत गेले की उरलेले सहा महिने ती कोण चालवणार, आणि माझं बजेटही तेवढं नव्हतं.

तर मी जी एसएसईआय बघून आलो होतो, दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला घेऊन गेलो. ती आत बसली, दार लावलं, दोन सीटच्या मधल्या त्या उंच कन्सोलवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा पुढे, आई मागे पोरांच्या मधे. मग मी कुठे बसू, डिकीत?" संपलं. मालक चांगला माणूस होता, गाडी झकास होती, किंमतही बरी होती. पण जिथे जमीन सपाट करून ठेवलीये, तिथेच मधे एक ठोकळा उभा केलाय, त्याच्यात दोन कप मावतात आणि माणूस मावत नाही.

खरं सांगायचं तर बॉनव्हिलच्या एसई या साध्या मॉडेलमधे पुढे बेंच, म्हणजे तिघांना पुरेल असा सलग बाक, मिळते, त्यामुळे सगळ्या बॉनव्हिलना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. पण एसई घेतली की सुपरचार्जरही गेला आणि ती पकडून ठेवणारी सीटही गेली, मग बॉनव्हिल घ्यायचं कारण काय उरलं, असा माझा आपला प्रश्न.

लसेबरला बहुतेक सगळीकडे पुढे बेंच आणि गिअर स्टिअरिंगला. मधला आर्मरेस्ट वर उचलला की सहावी जागा तयार. तिथे फक्त कमरेचा पट्टा आहे हे आधीच सांगतो, आणि लहान पोराला तिथे बसवू नका, समोर एअरबॅग आहे. आमच्याकडे मधे बायको बसते, तेही गावातल्या गावात, लांबच्या प्रवासाला नाही. दुसरं म्हणजे पुढच्या दोन्ही सीटचा पट्टा सीटमधूनच येतो, दाराशेजारच्या खांबावरून नाही, त्यामुळे आई पुढे बसली आणि सीट सरकवली तरी पट्टा गळ्याशी काचत नाही. साडीवर पट्टा लावताना तिची जी कुरकुर असायची ती या गाडीत निम्म्यावर आली.

बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा मी स्टिअरिंगची दांडी ओढून गाडी डी मधे टाकली, ते बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "ही तर पद्मिनी आहे रे!" मुंबईत अर्धं आयुष्य काळ्यापिवळ्यात ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसून काढलेला माणूस, त्याला ती सीट आणि तो गिअर बरोब्बर ओळखीचा वाटला. मी म्हटलं बाबा, ऑटोमॅटिक आहे. म्हणाले, "असू दे."

बघायला जाल तेव्हा गाडी कोणतीही असो, खाली वाका. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या प्रदेशातल्या गाड्या आहेत, पत्रा गंजतो, दाराखालचा पत्रा आणि ब्रेकच्या लाइन आधी बघा, वरचा रंग नंतर. बॉनव्हिलच्या बाजूला प्लास्टिकचं क्लॅडिंग असतं, त्याच्या आड काय चाललंय ते लवकर दिसत नाही, बॅटरी मारून नीट बघा. एकट्या माणसाला किंवा कॉलेजच्या पोराला घ्यायची असेल तर एसएसईआय घ्या, मी अडवणार नाही, मलाही अजून कधीतरी त्या रॅम्पची आठवण येते. घरात सहा जण होणार असतील तर जाताना सगळ्यांना बरोबर न्या आणि विकणाऱ्याच्या दारातच बसवून बघा, लाजू नका. आम्ही बसवलं होतं. तो सत्तरीतला गृहस्थ बाहेर येऊन हसत होता, त्याचीही नातवंडं मधे बसायची म्हणाला.