प्राण्यांचं संगीत बालनाट्य : मुखवटा की रंगवलेला चेहरा?

उन्हाळी शिबिरात मुलांकडून प्राण्यांचं नाचगाण्यांचं नाटक बसवायचं, तर पहिला वाद मुखवट्यांवरून होतो. इंदूरला राजेंद्रनगरच्या मुलांना घेऊन मी पंचतंत्रातल्या 'मित्रभेदा'वरचं नाटक दोनदा केलं. पहिल्यांदा पूर्ण मुखवट्यांत, पुढच्या वर्षी रंगभूषेत.

दिसायला मुखवटा सरस, हे मान्य. कागदाच्या लगद्याचा पिंगलक सिंह आला की शेवटच्या रांगेतलं पोरही हरखतं. शिवाय प्रयोगाच्या दिवशी नुसते डोक्यावर चढवायचे. रंगभूषेत 14 चेहऱ्यांसाठी दोन ताया दुपारपासून बसल्या होत्या, आणि तरी दुसऱ्या अंकात करटक कोल्ह्याच्या मिशा घामाने ओघळल्या.

माझं मन फिरलं ते गाण्यांमुळे. संजीवक बैल झालेली मुलगी तालमीत फार गोड गायची. प्रयोगात तोच आवाज मुखवट्याच्या पोकळीत घुमू लागला आणि शब्द कळेनात. कॉलर माइक आत सरकवला, तर प्रत्येक गिरकीला मुखवटा त्यावर घासून खरखर. मध्यंतरात ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, मला माझाच आवाज ऐकू येतो, पेटी ऐकूच येत नाही." सूर का सुटतोय ते तेव्हा कळलं. दमनक कोल्ह्याचं, सिंहाचे कान फुंकण्याचं गाणंही असंच गेलं. सिंह बैलावर का उलटला, हे त्या गाण्यातच होतं; प्रेक्षकांपर्यंत ते पोचलंच नाही.

पूर्व भारतातल्या छाऊ नृत्यात पुरुलिया आणि सराईकेला या शैलींचे नर्तक मुखवटा घालतात, पण स्वतः गात नाहीत. सराईकेलात तर आत श्वास कोंडतो म्हणून नाचही छोटे असतात. लंडनला 1981 साली आलेल्या 'कॅट्स' या संगीत नाटकातली गाणारी मांजरं रंगवलेल्या चेहऱ्यांचीच होती.

तुमची गाणी आधी ध्वनिमुद्रित होणार असतील आणि मुलं फक्त नाचणार असतील, तर कदाचित मुखवटेच बरे. मुलं स्वतः गाणार असतील, तर मी तरी तोंड झाकणार नाही. शिंगं, कान, आयाळ कपाळपट्टीवर बसवा आणि रंग फक्त डोळ्यांभोवती नि नाकावर लावा. वेळ निम्म्यावर येतो. 1997 च्या 'द लायन किंग' या संगीत नाटकातही सिंहांचे मुखवटे डोक्याच्या वर होते, नटाचा चेहरा मोकळा.

दुसऱ्या वर्षी तीच मुलगी पुठ्ठ्याची शिंगं लावून गायली. पेटीवाल्या आजोबांकडे बघत बघत, एकही सूर न सोडता.